व्याह्यांचं मोकळं रान

आमच्या व्याह्यांइतका सावकाश माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर तो अजून घरातून बाहेर पडावं की न पडावं याचा विचार करत असणार. हे मी कौतुकानं म्हणतो की तक्रारीनं, ते मलाही नक्की सांगता येत नाही. त्या त्या दिवसावर आहे. आमच्या पल्लवीची सुपारी फुटायची होती त्या दिवसापासून मी हा अनुभव घेतोय. गुरुजींनी पंचांग चाळून लग्नासाठी दोन तारखा काढल्या आणि मुलाचे वडील म्हणून यांना विचारलं, "यातली कुठली धरू?" हे काही न बोलता उठले, परसात गेले आणि कडुनिंबाखाली पाठीमागे हात बांधून उभे राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बैठकीत कुजबूज सुरू झाली. माझी बायको पदराचं टोक तोंडात धरून माझ्याकडे बघायला लागली, म्हणजे स्थळ माझ्यामुळेच मोडलं असं तिचं ठरून गेलं होतं. अर्ध्या तासानं व्याही आत आले, मांडी घालून बसले आणि म्हणाले, "दोन्ही दिस चांगलं हायती. एकाला न्हाई म्हणायचं जिवावर येतंय." शेवटी तारीख विहीणबाईंनी ठरवली. त्या घरात सगळं विहीणबाईच ठरवतात. व्याही त्यावर नंतर विचार करतात.

माझा स्वभाव याच्या अगदी उलट. रांजणगावच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळण्यात माझी उमर गेली. खिडकीशी येऊन कुणी बोल्ट मागितला की मी त्याला बोल्ट द्यायचो, त्याच्या मनात आणखी काय आहे ते विचारायचो नाही. असा मी इकडे शिरूर तालुक्यात तळेगाव ढमढेऱ्याला, व्याही तिकडे दौंड तालुक्यात खुटबावला, आणि मध्ये भीमा. देवानं ती नदी विचार करूनच मध्ये घातली असावी. पण लेकीचं घर म्हटल्यावर महिन्याला एक-दोन खेपा होतातच, आणि दर खेपेला व्याह्यांबरोबर कुठंतरी जावं लागतं. चपला घ्यायला गेलो तर ते उजव्या पायात एक आणि डाव्या पायात दुसरी घालून रस्त्यावर चक्कर मारून येतात, आणि दोन्ही बऱ्या वाटल्या की जुनीच घालून परत निघतात. हॉटेलात मालकानं "चहा का कॉफी?" विचारलं की म्हणतात, "आधी पाव्हण्यांचं बघा," आणि माझा चहा संपेपर्यंत त्यांचा विचार चालू असतो. मग मालकच कंटाळून चहा आणून आदळतो, आणि तो चहा ते अशा काही आनंदानं पितात की जणू आयुष्यभर त्यांना तोच हवा होता. डोळे अर्धवट मिटलेले, मान जराशी कललेली, आणि बोलताना नजर तुमच्या खांद्यावरून पलीकडे कुठंतरी लागलेली. सुरुवातीला मी दोन-तीनदा वळून पाहिलं. मागे काही नसतं.

एका गोष्टीत मात्र हा माणूस हटून बसलेला आहे. खुटबावच्या शिवारात जिकडे बघाल तिकडे ऊस. त्या उसाच्या मधोमध व्याह्यांचं ओढ्याकाठचं तीन एकर रान दिवाळीनंतर उघडं पडलेलं असतं. पावसाळ्यात तिथं बाजरी घेतात, आणि बाजरी निघाली की त्याला हात लावत नाहीत. लोक विचारतात, "आप्पा, पाणी हाय, लाईट हाय, ऊस का न्हाई लावत?" हे म्हणतात, "मेंढरं बसायची हायेत." आमच्याकडे मेंढपाळ दसरा-दिवाळीच्या सुमाराला कळप घेऊन बाहेर पडतात आणि वाटेतल्या मोकळ्या रानांत चार-पाच दिवस मुक्काम करत जातात. रात्री कळप शेतात बसतो, त्यानं जमिनीला खत मिळतं, शेतकरी त्याबद्दल मेंढपाळाला धान्य देतो, आणि कळप पुढच्या रानाला निघतो. याला मेंढरं बसवणं म्हणतात. व्याह्यांच्या वडिलांच्या वेळेपासून त्या तीन एकरांत एकाच माणसाचा कळप बसत आला. त्या मेंढपाळाला सगळं गाव मामा म्हणायचं आणि त्याच्या बायकोला मामी. कळप आला की व्याही घरी जेवायला यायचे नाहीत. मामींच्या तीन दगडांच्या चुलीपुढे बसून भाकरी खायचे, आणि पन्नाशी उलटली तरी त्यात फरक पडला नव्हता. "सकाळी धुकं आसतं," त्यांनी मला एकदा सांगितलं. "मेंढरं बसल्या जागची उठत न्हाईत. निस्ती त्यांच्या तोंडातनं वाफ निघती. वाटतं, रानच श्वास घेतंय." त्यावर मी गट नंबर विचारला.

आणि मग एका वर्षी मामा आले नाहीत. उशीर झाला असेल म्हणून व्याह्यांनी संक्रांतीपर्यंत वाट पाहिली. दुसऱ्या वर्षी फोन लावला, तर हा क्रमांक अस्तित्वात नाही असं एक बाई सांगायला लागली. व्याही तिला "बरं" म्हणून ठेवायचे आणि चार दिवसांनी पुन्हा लावायचे. तिसऱ्या वर्षी ते रोज दिवस मावळायच्या सुमाराला बांधावर जाऊन उभे राहू लागले. समोर तीन एकर धसकटं, त्यापलीकडे उसाची भिंत, आणि तिच्यावर तांबूस उजेड. मी शेजारी उभा राहून डास मारायचो. "पाव्हणं," ते एकदा म्हणाले, "मामांची वाट समदी उसानं बुजली. लांबनं बघून त्यास्नी वाटलं आसंल, आप्पानंबी ऊस लावला. मला दुसरं कायबी नको. त्यास्नी एवढंच कळायला पायजे, की माझं रान मोकळं हाय." मला त्या माणसाची फार दया आली. लगेच रागही आला, कारण आमची बस चुकली होती.

आमची पल्लवी पुण्याच्या एका कंपनीसाठी मोबाइलची ॲप तयार करते, बहुतेक दिवस खुटबावातूनच, घरी बसून. सासऱ्यांना रोज बांधावर उभं बघून तिलाच राहवेना. श्रावणात ती म्हणाली, "आप्पा, मी तुम्हाला एक ॲप करून देते. ज्याचं रान मोकळं असेल त्यानं नकाशावर खूण करायची. मेंढपाळ ती बघतील आणि फोन करतील. मामा कुठं असतील तिथं त्यांना दिसेल." व्याही तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नाव 'रान मोकळं' ठेव." जागच्या जागी, न उठता. विहीणबाईंनी येऊन त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. पण पल्लवीचा पुढचा प्रश्न तयारच होता. "आधी कुठल्या फोनसाठी करू, अँड्रॉइडच्या की आयफोनच्या? दोन्हींचं लिहिणं वेगळं, तपासणं वेगळं. मला सहावा महिना लागलाय. दिवाळीच्या आधी मी बाळंतपणाला तळेगावला जाणार, नंतर वर्षभर काही मला याला हात लावता यायचा नाही. एकच होईल. कुठलं ते सांगा." व्याही उठले आणि परसात कडुनिंबाखाली गेले.

खरं तर यात विचार करण्यासारखं काय होतं? आमच्याकडे आयफोन म्हणजे बड्या बागायतदारांची पोरं आणि कंपनीतले साहेब. बाकी सगळं शिवार अँड्रॉइडवर चालतं. पल्लवीनंही समजावलं की अँड्रॉइडचं केलं तर फाईल करून मी ती व्हॉट्सॲपवरनं कुणालाही पाठवू शकते, आयफोनला तसं सरळ जमत नाही. व्याही सगळं ऐकून म्हणाले, "व्हय, पटतंय. पण जरा बघू." आणि त्यांचं बघणं सुरू झालं. आधी ते लोकांचे फोन बघत फिरले. तळेगावच्या आठवडे बाजारात एका गवारवालीपुढे उभं राहून त्यांनी तिच्या फोनची पाठ इतक्या बारकाईनं न्याहाळली, की तिला ते वजनमापवाले साहेब वाटले. तिनं काट्यात आणखी दोन मुठी गवार टाकली, आणि हे "नको, नको" म्हणाले तेव्हा घाबरून आणखी एक टाकली. तेवढी गवार आम्ही दोन दिवस खात होतो. मग जीपमध्ये एका तरुणाच्या फोनवर यांना खाल्लेलं सफरचंद दिसलं. यांनी आदरानं चौकशी केली, तेव्हा त्यानं कव्हर काढून दाखवलं. सफरचंद कव्हरावर होतं, आतला फोन साधाच. व्याही त्या दिवशी माझ्याकडे आले तेव्हा पाणीसुद्धा न पिता खुर्चीत बसून राहिले. "वरनं सफरचंद आन् आत अँड्रॉइड," ते म्हणाले. "माणसानं इश्वास ठेवायचा कशावर?"

त्या धक्क्यातून सावरल्यावर त्यांनी नवा सिद्धांत काढला. फोन बघून काही कळत नाही, वायर बघायची. त्यांचं म्हणणं असं: रानात लाईट नसते, तेव्हा मेंढपाळ आपला फोन चार्जिंगला लावतो तो ज्याच्या रानात कळप बसलाय त्याच्या घरी. म्हणजे फोन मेंढपाळाचा, पण वायर शेतकऱ्याची. ज्या वायरी गावोगावच्या घरांत जास्त, त्या फोनला मेंढपाळ धरून राहणार. मला हे ऐकताना पटलं होतं, याचीच मला जास्त चीड येते. मग ते कुणाच्याही घरात शिरले की नमस्काराच्या आधी भिंतीवरचा बोर्ड बघायचे. एका वास्तुशांतीला यजमान पूजेला बसले होते आणि आमचे व्याही टीव्हीच्या मागे वाकले होते. न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेली असताना उठून कोपऱ्यातला सॉकेट पाहून आले. आमच्या घरी फ्रिजमागून डोकं बाहेर काढून त्यांनी माझ्या बायकोला हळू आवाजात सांगितलं, "तुमच्यात दोन्ही वायरी हायेत." डॉक्टर आजार सांगतात तसा तो आवाज होता. तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, म्हणजे काही वाईट आहे का.

असे श्रावण, भादवा गेले, नवरात्र बसलं. पल्लवीच्या माहेरी यायला पंधरा दिवस उरले, आणि बाईसाहेबांनी ॲपचं बाकी सगळं काम करून ठेवलेलं. फक्त कुठल्या फोनसाठी शेवटचा हात फिरवायचा ते कळत नव्हतं. माझं डोकं फिरलं. मी खुटबाव गाठलं, बांधावर गेलो आणि म्हणालो, "व्याहीबुवा, आता पुरे. माझ्यामागं म्हणा, अँड्रॉइड. एकदा तोंडातनं शब्द काढा, मी परत जातो." ते बराच वेळ माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिले. मग खाली बसले आणि एक ढेकूळ बोटांनी फोडत म्हणाले, "शेवटच्या साली मामी चुलीपुढं बोलता बोलता म्हणल्या व्हत्या, नातू सफरचंदाचा फोन घ्यायचा म्हणतोय. घेतला का न्हाई, मला ठावं न्हाई. समजा घेतला आसंल, आन् आपुन अँड्रॉइडचं केलं, तर साऱ्या मुलखाला दिसंल, माझं रान मोकळं हाय, आन् त्या एका घराला तेवढं दिसायचं न्हाई." म्हणजे गवार, सफरचंद, वायरी, सगळं एवढ्यासाठी होतं. इतके दिवस मी ज्याला चेंगटपणा समजत होतो, तो एका म्हातारीच्या चुलीपुढच्या एका वाक्याला धरून बसला होता. मी त्यांच्याशेजारी बसलो आणि आणखी एक ढेकूळ फोडायला घेतलं.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना मोटारसायकलवर मागे बसवलं. पाबळच्या माळावर मेंढरं उतरलीत असं मला कंपनीतल्या एका जुन्या सोबत्यानं सांगितलं होतं. मेंढरांमागची माणसं एकमेकांना ओळखून असतात, मामांचा माग लागला तर लागला. प्रत्येक फाट्यावर व्याही मागून "पाव्हणं, हितनंबी जाता येतं" म्हणायचे, आणि मी गाडीचा वेग वाढवायचो. माळावर पोचलो तेव्हा कोवळं ऊन होतं. कळप लांब उतारावर चरत होता, आणि जवळ एक बिऱ्हाड पडलं होतं: एक घोडं, चार भांडी, डालग्याखाली कोंबड्या, जाळीत कोकरं, आणि भाकऱ्या थापणारी एक बाई. वय आमच्या पल्लवीच्या सासूएवढं. व्याह्यांनी रामराम केला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "ताई, फोन कुणाकडं आसतो?"

"माझ्याकडं," ती म्हणाली. "बाप्ये मेंढरांमागं फिरनार, त्येंच्याकडनं पडला तर? बिऱ्हाड म्या हालवती. कुटल्या रानात बसायचं त्येबी फोनवर म्याच बोलती."

"आन् चार्जिंग?"

तिनं थापता थापता हनुवटीनं घोड्याकडे खूण केली. घोड्याच्या पाठीवरच्या गाठोड्यावर वहीएवढी सोलरची पाटी बांधलेली होती आणि तिच्या दोरीसारख्या लोंबत्या टोकाला एक काच फुटलेला अँड्रॉइड फोन. घोडं चालेल तिकडे फोन चार्ज होत होता. व्याही त्या घोड्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. गावोगावच्या भिंती तपासलेल्या माणसाला त्या क्षणी काय वाटलं असेल, ते मी विचारलं नाही.

मामांचा माग काही लागला नाही. पांढरं घोडं, गळ्यात पानतंबाखूची चंची, डोक्याला लाल मुंडासं, असं व्याह्यांनी सगळं वर्णन केलं. ती म्हणाली, आसत्याल, आमच्यातले नसत्याल. मग व्याह्यांनी धीर करून विचारलं, "तुमच्या माणसांत सफरचंदाचा फोन कुणी घेतलाय का?" तिला हसू आलं. "आमच्यात पोराला ताप आला तरच सफरचंद आनत्यात." मग तीच विचारायला लागली की तुमचं ते रानाचं कवा निघायचं. व्याह्यांनी तिला ॲपचं सगळं आधीच समजावून सांगितलं होतं. भाकरी तव्यावर टाकत ती म्हणाली, "रान बघाया आमचे बाप्ये दोन-दोन दिस म्होरं चालत जात्यात. ग्येल्या साली मोकळं आसायचं तिथं औंदा ऊस. माघारी येत्यात, मग दुसरीकडं. कोकरं वाटंत मरत्यात. तुमचं आलं तर म्या दावती की समद्यांस्नी. लोनंदच्या बाजाराला गाठ पडती सगळ्यांची."

व्याही उठले. इथं कडुनिंब नव्हता, म्हणून ते एका बाभळीखाली जाऊन पाठीमागे हात बांधून उभे राहिले. मी एक बरासा दगड बघून अर्ध्या तासाच्या तयारीनं बसलो. दोन मिनिटांत ते परत आले. "पल्लवीला फोन लावा," म्हणाले. "अँड्रॉइड म्हणावं." परतीच्या वाटेवर ते एकाही फाट्यावर बोलले नाहीत. गाव जवळ आल्यावर फक्त म्हणाले, "मामांचा नातू ऱ्हाईला." मी नजर रस्त्यावरच ठेवली. गाडी चालवतोय हे निमित्त बरं होतं.

पल्लवीनं माहेरी यायच्या आधी फाईल तयार केली आणि पाबळच्या ताईंना पाठवली. नकाशावर पहिली खूण व्याह्यांची, खुटबावच्या ओढ्याकाठी एक हिरवा ठिपका. दिवाळी झाली तरी तो एकटाच होता. व्याही दर दोन तासांनी फोन उघडून बघायचे आणि आपलाच ठिपका बघून समाधानानं बंद करायचे. मग पल्लवीला मुलगी झाली. नात बघायला व्याही-विहीणबाई आमच्याकडे आले, व्याह्यांनी मुलीसाठी दोन नावं सुचवली आणि दोन्ही चांगली आहेत म्हणून गप्प बसले. तेवढ्यात पल्लवी पडल्या पडल्या फोन बघत म्हणाली, "आप्पा, अजून एक रान आलंय. सुप्याच्या अंगाला, दोन एकर." खुणेला नंबर होता. व्याह्यांनी आमच्या ओट्यावर बसून तो लावला. ऐकायला कमी येतं म्हणून ते फोन नेहमी मोठ्यानं लावतात, त्यामुळे आम्हा सगळ्यांनाच ऐकू आलं.

"कोन बोलतंय?"

व्याह्यांचा चेहरा बदलला. "खुटबावचा आप्पा," ते म्हणाले.

पलीकडे कुणाला तरी गप्प केल्याचा आवाज आला. मग, "वड्याकाठचा का रं?"

मामांचे गुडघे गेले होते. मामी मागल्या साली वारल्या. नातू नोकरीला लागला, मागं चालायला कुणी उरलं नाही, म्हणून मेंढरं विकून टाकली आणि दोन एकर रान घेतलं. "पोरगं म्हणतंय ऊस लाव," मामा म्हणाले. "म्या न्हाई लावला. म्हणलं, कुनाचा तरी कळप यील. बसंल रानात. दोन सालं झाली, हिकडं कुनी फिरकंना. लोनंदला कळलं तुमचं ह्ये, तवा नातवानं नकाशावर खूण केली."

"मामा," व्याही म्हणाले, "नातवानं सफरचंदाचा फोन घेतला व्हता ना?"

"कवा? तवा बोर मारली आमी. फोन ऱ्हायला."

मी व्याह्यांकडे बघायचं टाळलं. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला, हसायला की रडायला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. व्याही मात्र फोन ठेवल्यावर म्हणाले, "मामी गेल्या," आणि उठून अंगणात जाऊन उभे राहिले.

मार्गशीर्षात पाबळच्या ताईंचा फोन आला, आणि चार वर्षांनी त्या ओढ्याकाठच्या रानात मेंढरं बसली. पाच दिवसांचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेलो. दिवस मावळत होता, कळप नुकताच परतला होता, आणि तीन एकरांच्या एका कोपऱ्यात मेंढरं एकमेकांना चिकटून दाटीनं बसत चालली होती. धुळीवर तांबूस उजेड होता. व्याही त्यांच्या मधोमध उकिडवे बसले होते, आणि इतकी वर्षं माझ्या खांद्यावरून पलीकडे जाणारी त्यांची नजर पहिल्यांदाच जवळ कुठंतरी टेकली होती. या माणसाला एवढं सुखी मी पोराच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. त्यांनी मामांना फोन लावला आणि सांगितलं, "मामा, मेंढरं बसलीत."

"बसली व्हय," मामा म्हणाले. मग म्हणाले, "आप्पा, फोन जरा त्यांच्याजवळ धर की."

व्याह्यांनी हात लांब करून फोन मेंढरांत धरला. एक मेंढी खोकली. कोकरू आईला हुडकत ओरडलं आणि सापडल्यावर गप्प झालं. बाकी नुसता रवंथ करण्याचा आवाज, आणि मधूनच एखाद्या गळ्यातली घंटी. मी घड्याळ बघितलं नाही, पण उजेड गेला तरी व्याह्यांनी तो हात खाली घेतला नाही. शेवटी त्यांनी फोन कानाला लावला. पलीकडे कुणी बोलत नव्हतं, पण फोन चालू होता.

व्याही उठले. चुलीपाशी ताई पीठ मळत होत्या. "ताई," ते म्हणाले, "उद्या सकाळी हितनं उठा. सुप्याच्या अंगाला दोन एकर रान मोकळं हाय. तिकडं जावा."

"अवो, पाच दिसांचं ठरलंय की. तुमचं निम्मंबी रान बसलं न्हाई."

"असू द्या. धान्य पाचांचंच न्या. पुढल्या साली बसा ऱ्हायलेलं."

कडुनिंब नाही, बाभूळ नाही. मी शेजारी उभा होतो आणि मला तोंड उघडायलासुद्धा वेळ मिळाला नाही. सकाळी धुक्यात कळप उठला तेव्हा व्याही गावच्या शिवेपर्यंत त्याच्याबरोबर चालत गेले आणि घंट्या ऐकू यायच्या बंद झाल्यावर परत आले. चार वर्षं वाट पाहून त्यांच्या वाट्याला दोन रात्री आल्या.

परवा पावसाळ्यात मी खुटबावला गेलो होतो. नातीचं नाव विहीणबाईंनी ठरवून टाकलंय. बांधावरून ते तीन एकर बघितलं तर मेंढरं बसलेल्या कोपऱ्यातली बाजरी काळीभोर आणि कमरेच्या वर, बाकीची फिकी आणि गुडघ्याएवढी. मी म्हणालो, "व्याहीबुवा, तुमचं नुकसान झालं." ते म्हणाले, "मामांची समदी काळी हाय म्हणं," आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिले. हल्ली मी वळून बघत नाही. तिकडं काय आहे ते आता मलाही माहीत आहे.